विचारणाऱ्यानं शेवट सांगावा

ताईंनी आजवर किती माणसं शोधून दिली असतील त्याला गणती नाही. ट्रकचे ड्रायव्हर दिले, गोदामातले हमाल दिले, बेकरीसाठी पहाटे तीनला उठूनही कुणावर न खेकसणारा माणूस दिला. एका दंतवैद्याला तर त्यांनी मुद्दाम न हसणारी रिसेप्शनिस्ट शोधून दिली होती, कारण पेशंट घाबरून बसलेला असताना समोर कुणी दात काढलेले त्याला खपत नसे. माणूस कितीही दुर्मीळ असो, तो कुठेतरी आपल्या नोकरीला कंटाळून बसलेला असतोच, असा ताईंचा सिद्धांत होता. या सिद्धांताला पहिला तडा गेला तो काकांमुळे.

काका म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत. ताई आता ज्या चौदा माणसांच्या कंपनीत नोकरभरतीचं काम बघत, तिथले ते सर्वांत जुने प्रोग्रॅमर. कंपनीचं काम एकच, हॉस्पिटलांना नर्सेसचे ड्युटी चार्ट काढून देणं. कुणाला दिवसपाळी, कुणाला रात्रपाळी, कुणाची सुट्टी कधी, आणि सलग दोन रात्रींनंतर तिसरी रात्र कुणालाही नाही, हे सगळं सांभाळून महिन्याचा तक्ता काढणारा प्रोग्रॅम काकांनी पंधरा वर्षांपूर्वी एकट्यानं लिहिला होता. बावीस हॉस्पिटलं त्याच्यावर चालत. आता काकांना काचबिंदू झाला होता. जाड चष्म्यावर भिंग धरूनही पडद्यावरची ओळ अर्धीच दिसे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की उरलेली नजर टिकवायची असेल तर हे काम सोडा.

साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, ताईंना केबिनमध्ये बोलावून मुदत दिली.

"दोन महिने. काकांच्या जागी माणूस मिळाला तर ठीक. नाहीतर हा प्रोग्रॅम गुंडाळायचा आणि बाहेरून तयार घ्यायचा."

दाराशी उभ्या असलेल्या काकांनी हे ऐकलं आणि ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. पंधरा वर्षांचं काम गुंडाळण्याची गोष्ट माणूस चटई गुंडाळल्यासारखी बोलतो, याचा ताईंनाच जास्त राग आला. त्या वही घेऊन काकांकडे गेल्या.

"काका, तुम्ही म्हणता ते फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमकं काय हो? जाहिरातीत लिहायला तरी कळू दे."

"इतर लोक फळ्यावर लिहितात असं समज," काका म्हणाले. "लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. कुणी काय पुसलं, कधी पुसलं, पत्ता लागत नाही. आम्ही शाईनं लिहितो. लिहिलं ते लिहिलं. बदल हवा तर नवीन पान घ्यायचं, जुनं आहे तसंच राहू द्यायचं."

"मग पानं फार होत असतील."

"होतात. पण चूक कुठे झाली ते सापडतं."

पहिला महिना नोकरीच्या साइट धुंडाळण्यात गेला. अकरा उमेदवार आले. त्यातल्या नऊ जणांनी फंक्शनल हा शब्द केवळ बायोडेटा भरलेला दिसावा म्हणून टाकला होता. दहावा हुशार होता, पण भविष्यात स्वतःची कंपनी काढणार होता आणि ते भविष्य पुढच्याच महिन्यात सुरू होत होतं. अकरावा काकांशी बोलून बाहेर आला आणि ताईंना म्हणाला, "मॅडम, इथे खरंच हे काम करावं लागेल?" ताईंच्या नाकी नऊ आले.

तेव्हा काका म्हणाले, "आमची जमात साइटवर नसते. मेलिंग लिस्टवर असते."

मेलिंग लिस्ट म्हणजे एक पत्ता. त्या पत्त्यावर पत्र टाकलं की ते लिस्टवरच्या तीन-चार हजार जणांना जातं, आणि कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना जातं. जगभरचे फंक्शनलवाले तिथे जमत. कुणी अडलं की विचारायचं, कुणाला सुचलं की सांगायचं, सगळं फुकट. आणि वीस वर्षांतलं प्रत्येक पत्र तिथे जसंच्या तसं जपलेलं, कुणीही उघडून वाचावं.

ताईंनी आपलं ठेवणीतलं पत्र काढलं. 'सुवर्णसंधी! झपाटलेल्या जादूगारांचा शोध!' लाल-निळी अक्षरं, खाली ऑफिसात खिदळणाऱ्या माणसांचा फोटो. त्या फोटोतलं एकही माणूस त्यांच्या ऑफिसातलं नव्हतं, आणि त्यांच्या ऑफिसात इतकं कुणी कधी खिदळलंही नव्हतं. हे पत्र त्यांनी तीन दिवस ओळीनं पाठवलं. ड्रायव्हरांच्या बाबतीत तीन हा आकडा सिद्ध झालेला होता. पहिल्यांदा दिसतं, दुसऱ्यांदा वाचतात, तिसऱ्यांदा फोन करतात.

फोन आला नाही. पत्रं आली, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते ताईंना कळलं. एकानं विचारलं, जादूगार हवा असेल तर सर्कशीत का विचारत नाही. दुसऱ्यानं त्यांचं दीडशे शब्दांचं पत्र छाटून बारा शब्दांत बसवून परत पाठवलं आणि खाली लिहिलं की यात पगार तेवढा राहिलाय, कारण तो मूळ पत्रातही नव्हता. तिसऱ्यानं हे बाराचे नऊ केले. त्यावर त्या दोघांत वाद सुरू झाला आणि दोन दिवस चालला. ताई देत असलेल्या नोकरीचं दोघांनाही काही पडलेलं नव्हतं.

लिस्टची राखण करणाऱ्या गृहस्थाला सगळे माळी म्हणत, कारण नको ती पत्रं उपटून टाकणं हे त्याचं काम. त्यानं ताईंना वेगळं, खासगी पत्र लिहिलं. 'बाई, रागावू नका. लोक वाईट नाहीत, फक्त त्यांना फुगवलेलं काही दिसलं की टाचणी टोचल्याशिवाय राहवत नाही. इथल्या रिती सांगतो. साधी अक्षरं, फोटो नको. नोकरीचं पत्र एकदाच. पगार लपवायचा नाही. आणि आमची सर्वांत जुनी रीत अशी की विचारणाऱ्यानं शेवट सांगावा. लोकांनी तुमच्यासाठी डोकं लावलं, तर पुढे काय झालं ते तुम्ही परत येऊन लिहायचं. जमलं तर जमलं, फसलं तर फसलं. नोकरीलाही हेच लागू. शेवट न सांगता जो जातो, त्याच्या पुढच्या प्रश्नाला इथे कुणी उत्तर देत नाही. आता एक सल्ला. आमच्या माणसांना नोकरी दाखवू नका, अडलेला प्रश्न दाखवा.'

ताईंना त्या जुन्या रितीची गंमत वाटली. त्यांच्या धंद्यात रीत बरोबर उलटी. मुलाखत संपली की 'कळवतो' म्हणायचं आणि मग कळवायचं नाही. समोरचा आठ दिवस वाट बघतो, पंधरा दिवस बघतो, मग आपणच समजून घेतो. अठरा वर्षांत ताईंनी 'कळवतो' किती जणांना म्हटलं असेल, ती माणसंही गणतीत नव्हती.

अडलेला प्रश्न काकांकडे होता. तीन वर्षं होता. दोन नर्सेसना आपसात पाळी बदलून हवी असली की काकांचा प्रोग्रॅम अख्खा तक्ता नव्यानं मांडायचा, आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा दहा जणींच्या सुट्ट्या हलायच्या. काकांना हवं होतं ते असं की कमीत कमी माणसांना धक्का लागून अदलाबदल व्हावी. त्यांनी सांगितलं, ताईंनी लिहून घेतलं. शेवटी दोन ओळी ताईंच्या: 'हा प्रोग्रॅम सांभाळायला आम्हाला माणूस हवा आहे. पगार एवढा. ज्याला हे काम आवडेल त्यानं कळवावं.'

ताईंचं घर नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानावरच होतं. घरी सासूबाईंना शब्दकोड्यांचं वेड. वर्तमानपत्रातलं कोडं अर्धं सुटलेलं असताना कुणी मध्ये बोललं तर त्या जावयालाही ओळख देत नसत. एकदा दूधवाल्याला त्यांनी दारात उभं करून 'चार अक्षरी, उलट वाचलं तरी तेच' विचारलं होतं. लिस्टवर पुढचे चार दिवस जे चाललं ते बघून ताईंना वाटलं, सासूबाईंसारख्या चार हजार जणांपुढे आपण कोडं टाकलंय. पासष्ट पत्रं आली. कुणी चित्र काढलं, कुणी ते चित्र चूक ठरवलं, एका प्राध्यापकानं हे अशक्य असल्याचं सिद्ध केलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ते सिद्ध केलेलं मागे घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी 'सुई' अशी सही करणाऱ्या कुणीतरी पंचवीस ओळी लिहिल्या. त्यानंतर लिस्ट गप्प झाली. मग प्राध्यापकांनी एकच शब्द पाठवला, 'सुटलं.'

काकांनी त्या पंचवीस ओळी मोठ्या अक्षरांत छापून मागवल्या. कागद नाकाशी धरून अर्धा तास ते त्यावरून भिंग फिरवत होते. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "ताई, हे माणूस आलं तर मी निश्चिंत घरी बसेन."

सुई ही बाई निघाली. तिनं त्याच संध्याकाळी ताईंना वेगळं पत्र लिहून काम हवंय म्हणून कळवलं होतं. ताईंनी फोन लावला. बोलणं हळू, मुद्द्याचं. सात वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला म्हणून तिनं नोकरी सोडली होती. त्या काळात घरी लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची, सही तिथून आलेली. दुपारी आई झोपली की लिस्टवर नवशिक्यांच्या शंका सोडवायची. आई चार महिन्यांपूर्वी गेली.

"तेव्हापासून अर्ज करतेय," ती म्हणाली. "सगळे एवढंच विचारतात की सात वर्षं काय करत होतात. मी सांगते. मग म्हणतात, कळवतो."

 अठरा वर्षांच्या नोकरीत जे वाक्य कधी तोंडातून निघू दिलं नव्हतं ते ताई बोलून गेल्या.

"तुम्ही काळजी करू नका. जागा तुमचीच समजा."

 ती म्हणाली, "खरंच?" आणि ताई म्हणाल्या, "खरंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले. काकांनी उत्तर बसवून बघितलं होतं, तीन वर्षांचं दुखणं पंचवीस ओळींत बरं झालं होतं. साहेबांनी पडद्यावर दोन नर्सेसच्या पाळ्या बदलून बघितल्या. बाकी तक्ता जागचा हलला नाही. साहेब खुर्चीत मागे रेलले.

"वा! आणि हे फुकट?"

"फुकट म्हणजे, त्या लोकांनी..." ताई सांगू लागल्या.

"मग माणूस कशाला हवा?"

ताईंना आधी वाटलं की साहेब चेष्टा करतायत.

"विचार करा ना," साहेब म्हणाले, आणि ते खरंच विचार करत होते हेच वाईट होतं. "एकच गोष्ट अडत होती, ती सुटली. आता प्रोग्रॅम पूर्ण आहे. चालतोय तसा चालू द्यायचा. उद्या काही अडलंच तर तुमची ती लिस्ट आहे. चार हजार माणसं बसलीत फुकट उत्तरं द्यायला, आणि आपण एकाला पगार देऊन ठेवायचं? जागा रद्द करा. काकांचा प्रोग्रॅमही वाचला, सगळे खूश."

"मी त्या बाईंना शब्द दिलाय, साहेब."

"लेखी?"

"तोंडी."

"मग प्रश्नच नाही. सांगा, कळवतो म्हणून."

साहेब तसे वाईट नव्हते. वाढदिवसाला सगळ्यांना सुट्टी देत, कुणी आजारी पडलं तर स्वतः फोन करत. पण ज्याला आपण बघितलेलं नाही असं माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हतं, आणि न घेतलेल्या उमेदवारांना बघायचं काम त्यांनी कायम ताईंवर सोपवलं होतं.

ताईंनी त्या दिवशी सुईला फोन केला नाही. उद्या करू म्हटलं. उद्या दुसरंच काम निघालं, निदान त्यांनी काढलं. लिस्टवर त्यांच्या प्रश्नाखाली अजून एक-दोन पत्रं येऊन पडलेली दिसत होती. ताई ती उघडत नव्हत्या, कारण कुणीतरी शेवट विचारला असणार. दिवस जात होते. सुईनं एकदा वेगळं पत्र लिहून विचारलं, 'काही कळलं का?' ताईंनी ते पत्र चारदा वाचलं आणि बंद केलं.

घरी जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. नवऱ्यानं दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"तू तरी काय करणार?" नवरा म्हणाला. "माणसं घ्यायची की नाही हे तुझ्या हातात थोडंच आहे? उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

सासूबाई कोड्यातून मान वर न करता म्हणाल्या, "गरज सरो, वैद्य मरो. कोडं सुटलं, आता सोडवणारीला कोण विचारतो."

"अहो आई, पण मी नाही रद्द केली जागा."

"नाही केलीस. पण शब्द कुणी दिला होता?"

"मी."

"मग तुझ्या साहेबाकडे ती कशाला बघेल? तिला तो माहीतही नाही. तिच्या लेखी तूच आहेस." सासूबाईंनी पेन्सिलीनं एक चौकोन भरला. "आणि नाही म्हणायला वाईट वाटतं हे मला सांगू नकोस. नाही ऐकायला त्याहून वाईट वाटत नाही. काहीच ऐकायला मिळालं नाही की वाटतं."

 ताई उठून भांडी आवरायला लागल्या, आणि आवरलेलीच भांडी पुन्हा आवरत राहिल्या. तरी फोन त्यांनी दुसऱ्या दिवशीही केला नाही.

नव्या महिन्याच्या दोन तारखेला सकाळी एका हॉस्पिटलच्या मेट्रनचा फोन आला. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख, आणि ही मेट्रन सहसा आवाज चढवणारी नव्हती.

"तुमच्या चार्टनं माझ्या एका नर्सला सलग तिसरी रात्र दिली," ती म्हणाली. "चार्टमध्ये आहे म्हणून ती आली. पहाटे नऊ नंबरच्या पेशंटला सहा नंबरचं इंजेक्शन देत होती. शेजारच्या सिस्टरनं हात धरला म्हणून वाचलं. पोरगी अजून रडतेय. तिला वाटतंय तिचीच चूक."

काका तासभर तक्त्यांवर वाकून बसले. चूक सापडली. पाळ्यांची अदलाबदल महिन्याच्या आत बरोबर होत होती, पण नवं उत्तर मागच्या महिन्याकडे बघतच नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या दोन रात्री आणि पुढच्या महिन्याची पहिली, मिळून तीन झाल्या होत्या.

"त्या सुईची नाही ही चूक," काका म्हणाले. "प्रश्न लिहून देताना मीच महिना बदलण्याचं सांगायला विसरलो. तिला कसं कळणार?"

तेव्हा ताईंनी इतके दिवस न उघडलेली ती पत्रं उघडली. शेवट कुणीच विचारला नव्हता. त्यांतलं एक पत्र सुईचं होतं, नऊ दिवसांपूर्वीचं. 'ताई, एक शंका आहे. महिना बदलतो तिथे काय करायचं हे प्रश्नात लिहिलेलं नाही. मागच्या महिन्याच्या रात्री मोजायच्या ना? तुमचं उत्तर आलं की त्याप्रमाणे दुरुस्त करून देते. तोवर वापरू नका.'

ताई कितीतरी वेळ त्या तारखेकडे बघत राहिल्या. एक अवघड फोन टाळायचा म्हणून त्यांनी डोळे मिटले होते, आणि त्यापायी सलग तिसरी रात्र पडली होती कुणा तिसऱ्याच पोरीला. ती नर्स अजून रडत होती आणि ताई खुर्चीत बसून होत्या. आपल्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल असं त्यांना वाटलं.

साहेब त्यांच्या टेबलापाशी आले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "सगळ्या हॉस्पिटलांना फोन करून अदलाबदल बंद करायला सांगितलंय. ताई, ताबडतोब लिस्टवर टाका. महिना बदलतो तिथे काय करायचं ते विचारा."

"तसं विचारता येत नाही, साहेब. आधीचा शेवट सांगितल्याशिवाय तिथे दुसरा प्रश्न कुणी हातात घेत नाही."

"मग सांगा ना शेवट! लिहा काहीतरी. काही अपरिहार्य कारणांमुळे जागा तूर्त स्थगित, वगैरे. तुम्हाला येतं की."

ताईंना येत होतं. असली वाक्यं त्या झोपेतही लिहू शकल्या असत्या. त्यांनी ते वाक्य टाइप केलं, वाचलं आणि काढून टाकलं. मग साहेब पाठीशी उभे असतानाच त्यांनी लिहिलं:

'मंडळी, शेवट सांगायला उशीर केला, माफी मागते. तुम्ही उत्तर दिलंत. ते आम्ही वापरलं. उत्तर फुकट मिळालं म्हणून आमच्याकडची नोकरी रद्द झाली. सुई यांना मी जागा तुमचीच समजा असा शब्द दिला होता. तो मोडला हे त्यांना सांगायची मला हिंमत झाली नाही, म्हणून मी इथे येणंच बंद केलं. त्यामुळे त्यांनी विचारलेली शंका माझ्याकडून वाचली गेली नाही, आणि काल एका नर्सला सलग तिसरी रात्र पडली. पेशंट थोडक्यात वाचला. प्रश्नात महिना बदलण्याची अट लिहायची राहिली होती. मागच्या महिन्याच्या रात्री मोजायच्या आहेत. आम्हाला पुन्हा मदत हवी आहे. ती मागायचा मला हक्क आहे असं मला वाटत नाही.'

"हे तुम्ही पाठवणार नाही आहात," साहेब म्हणाले.

"पाठवतेय," ताई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

"चार हजार लोक वाचतील, ताई! कंपनीची अब्रू..."

"सही माझी आहे, साहेब. कंपनीचं नाव नाही घातलेलं. मला काढायचं तर काढा."  साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

दीड तास कुणाचं पत्र आलं नाही. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना पडद्यावरचं दिसत नव्हतं, तरी ते पडद्याकडेच बघत होते. मग एक पत्र आलं. ताईंनी ते वाचलं, छापलं, सोबत सुईचं नऊ दिवसांपूर्वीचं पत्रही छापलं आणि काकांचा हात धरून त्या केबिनमध्ये गेल्या.

"उत्तर आलंय," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा! मी म्हटलं नव्हतं..."

"वाचून दाखवते. काकांना दिसत नाही." आणि त्यांनी वाचलं:

'दुरुस्ती खाली देते आहे, नऊ ओळी आहेत. मागच्या दोन महिन्यांचे तक्ते घेऊन तपासून बघा, घाईनं वापरू नका. माझी आई शेवटचे अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. रात्री तिच्याजवळ एक सिस्टर असायची, बसल्या-बसल्या तिचे डोळे मिटायचे. मी तिला एकदा टाकून बोलले होते. तिची ती कितवी रात्र आहे हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. तुमच्या त्या सिस्टरला सांगा, चूक तिची नव्हती. नोकरीचं कळलं. कळवलंत, बरं केलंत. सुई.'

ताईंनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. साहेबांनी ते हातात घेतले आणि आजचं पत्र आणि ते जुनं, दोन्ही स्वतः वाचली. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी चष्मा काढला होता.

"तिला माहीत होतं," साहेब म्हणाले. "नोकरी नाही हे वाचून मग तिनं हे पाठवलं."

"हो."

"आपण काहीच देणार नाही हे माहीत असून."

"हो, साहेब."

साहेबांनी बराच वेळ टेबलावरची पेन्सिल उभी-आडवी केली. मग म्हणाले, "हिचं खरं नाव काय?"

ताईंनी सांगितलं. इतक्या दिवसांत ते नाव त्या केबिनमध्ये पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

"फोन लावा. तिला सांगा की जागा..."

"नाही साहेब," ताई म्हणाल्या. "लावून देते, पण बोलायचं तुम्ही. तिला माझ्या शब्दाचा आता उपयोग नाही."

 साहेबांनी आजवर एकाही उमेदवाराला स्वतः फोन केला नव्हता. ताईंनी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. कुणीतरी 'हॅलो' म्हटलं, मशीन चालूच राहिलं.

साहेबांनी आपण कोण ते सांगितलं. मग त्यांना पुढचं सुचेना. त्यांनी ताईंकडे बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"बाई, ती जागा ताईंनी रद्द केली नव्हती," साहेब शेवटी म्हणाले. "मी केली होती. मला वाटलं, उत्तर मिळालं म्हणजे काम झालं. तुम्ही तोवर वापरू नका म्हणून लिहिलं होतंत. आमच्याकडे ते वाचायला माणूस नव्हतं, आणि ते माणूस मीच नको म्हटलं होतं." ते थांबले. "तुम्ही याल का? नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही. पण मला समजेल. नेमणुकीचं पत्र आज पाठवतो, तुमच्या हातात पडल्यावर मग ठरवा."

मशीनचा आवाज थांबला.

 काका फोनच्या दिशेनं दोन पावलं पुढे आले आणि टेबलाची कड चाचपत तिथेच उभे राहिले.

"तुमच्याकडचे ते काका," फोनमधून आवाज आला, "ते अजून किती दिवस आहेत?"

"पंधरा तारखेपर्यंत," काकाच म्हणाले. "पण तुम्ही येणार असाल तर राहीन. दिसत नाही मला फारसं. तुम्हाला वाचून दाखवावं लागेल."

"वाचेन की," ती म्हणाली. "आईला रोज वाचून दाखवायचे."

मग तिचा आवाज जरा लांब गेला, कुणाशी तरी बोलली. तुमची पँट संध्याकाळी देते, असं काहीतरी. परत येऊन तिनं विचारलं, "सोमवारी किती वाजता यायचं?"

साहेबांना आपलं ऑफिस किती वाजता उघडतं ते नेमकं आठवेना. ताईंनी सांगितलं, "साडेनऊ."